डॉक्टरांची दर पाच वर्षांची तपासणी: नागपुरात अभ्यास करायचा तर नेमकं काय मोजायचं?

पीएसएममध्ये (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्रात) एमडी करणाऱ्या एका निवासी डॉक्टरचा प्रश्न असा आहे: डॉक्टरांची ठराविक वर्षांनी होणारी तपासणी खरंच काम करते का, यावर नागपुरात प्रबंध करायचा आहे. शहरातल्या डॉक्टरांनी पाच वर्षांत किती सीएमई पॉइंट (नोंदणीनंतरच्या व्यावसायिक शिक्षणाचे गुण) मिळवले, याची प्रश्नावली तयार आहे. तेवढं पुरेल का? आणि परदेशातल्या पद्धतींशी तुलना कशी करायची?

तेवढं पुरणार नाही. पॉइंट मोजलेत तर पॉइंटच कळतील. आपल्याकडची अट पॉइंटांची आहे, त्यामुळे ज्यांची नोंदणी चालू आहे त्यांच्यातल्या बहुतेकांकडे ते असणारच. मग निष्कर्षात "अनुपालन चांगले आहे" एवढंच लिहून प्रबंध संपेल. तपासणी काम करते का, हे विचारण्याआधी ती कोणतं काम करते असा दावा आहे, ते ठरवावं लागतं. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिताना सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

असे दावे साधारण तीन आहेत आणि ते नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पहिला, तपासणीमुळे धोकादायक डॉक्टर वेळेत सापडतात. दुसरा, सगळ्याच डॉक्टरांचं काम थोडं थोडं सुधारतं. तिसरा, कोणीतरी लक्ष ठेवतंय, असा भरवसा लोकांना वाटतो. प्रत्येकासाठी माहिती वेगळी लागते. पहिल्यासाठी तक्रारी, शिस्तभंगाचे निर्णय आणि सुटलेली प्रकरणं. दुसऱ्यासाठी प्रिस्क्रिप्शन, केसपेपर, ऑडिट. तिसऱ्यासाठी रुग्णांचं सर्वेक्षण. एका प्रबंधात एकच दावा घ्या. तिन्ही घेतले की एकाचंही उत्तर धड मिळत नाही.

पहिला दावा मोहात पाडणारा आहे, पण आकडेमोड त्याच्या विरोधात जाते. स्क्रीनिंगचं गणित तुम्ही शिकलेलं आहेच, ते इथे लावा. समजा १००० डॉक्टर आहेत आणि त्यांतल्या २ टक्क्यांच्या, म्हणजे २० जणांच्या कामात खरोखर गंभीर दोष आहे. तपासणीची सेन्सिटिव्हिटी (खरे दोषी पकडण्याचं प्रमाण) ८० टक्के आणि स्पेसिफिसिटी (निर्दोषांना निर्दोष ठरवण्याचं प्रमाण) ९० टक्के धरली, म्हणजे बऱ्यापैकी उदार अंदाज, तरी १६ खरे सापडतील आणि ९८ निर्दोष डॉक्टरांवर शिक्का बसेल. बोट दाखवलेल्या ११४ जणांत खरे दोषी १४ टक्के, आणि ४ जण तरीही सुटलेच. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, पण प्रमाण थोडं इकडेतिकडे केलं तरी चित्र फारसं बदलत नाही. सरसकट सगळ्यांची, कमी खोलीची तपासणी दुर्मीळ दोष शोधायला दुबळं हत्यार ठरते. शिवाय शहरातल्या एका प्रबंधात असे डॉक्टर मोजण्याइतके मिळणारही नाहीत. म्हणून माझा सल्ला दुसऱ्या दाव्याचा: नेहमीच्या, ठीकठाक डॉक्टरच्या कामात फरक पडतो का?

आता आपल्याकडे नेमकं काय चालतं ते पाहू, कारण बरेच प्रबंध इथेच अर्धवट माहितीवर उभे राहतात.

व्यावसायिक आचरणाचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे आचारनियम अधिसूचित केले होते, पण त्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, ते स्थगित ठेवले. २००२ च्या नियमांत पाच वर्षांत किमान ३० तास सीएमईची अपेक्षा आहे आणि महाराष्ट्रात तीच पॉइंटांच्या रूपात नोंदणीच्या नूतनीकरणाला जोडलेली आहे. म्हणजे वर्षाला सरासरी सहा तास. नूतनीकरण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल करते, तिचा कायदा १९६५ चा. यात डॉक्टरच्या प्रत्यक्ष कामाची, निदानाची, शस्त्रक्रियेची, लिहिलेल्या औषधांची पाहणी कुठेच होत नाही. प्रकृतीचा, नजरेचा, हाताच्या कंपाचा, व्यसनाचा प्रश्नही त्या अटीत येत नाही. तो येतो तक्रार झाली तरच. तक्रार राज्य कौन्सिलकडे जाते. २००२ च्या नियमांनुसार निर्णय सहा महिन्यांत अपेक्षित आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातल्या कलम ३० प्रमाणे, कौन्सिलच्या कारवाईने नाराज झालेला डॉक्टर आधी आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे आणि मंडळाच्या निर्णयानंतर ६० दिवसांत खुद्द आयोगाकडे अपील करू शकतो.

म्हणजे आपल्याकडे दोन वेगळे रुळ आहेत: एक सगळ्यांसाठी, हजेरीचा, दुसरा तक्रार झालेल्यांसाठी, शिस्तीचा. मधला रुळ, म्हणजे तक्रार नसतानाही कामाकडे पाहणं, कौन्सिलच्या पातळीवर नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हे स्वच्छ लिहा. "भारतातील रिव्हॅलिडेशन" (म्हणजे परवाना चालू ठेवण्यासाठी डॉक्टरच्या कामाची ठराविक काळाने होणारी पडताळणी) असं शीर्षक दिलंत तर पहिला परीक्षकच अडवेल.

मधला रुळ नागपुरात अजिबातच नाही असंही नाही, तो फक्त दुसऱ्या नावांनी आहे. एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाचं राष्ट्रीय मंडळ) मानांकन असलेल्या रुग्णालयांना क्रेडेन्शियलिंग आणि प्रिव्हिलेजिंग करावं लागतं: या डॉक्टरची पात्रता पडताळली का, त्याला आमच्याकडे कोणत्या प्रक्रिया करण्याची मुभा आहे, आणि ती अधूनमधून पुन्हा तपासली जाते का. धंतोली-रामदासपेठेतल्या मानांकित रुग्णालयांत या फायली असतात. सरकारी सेवेत कार्यमूल्यमापन अहवाल असतो, ज्याला जुनी मंडळी अजून सीआर म्हणतात, आणि वयाच्या ५०/५५ व्या वर्षी किंवा ३० वर्षांच्या सेवेनंतर सेवेत ठेवायचं की नाही याचं पुनर्विलोकन होतं. त्यात सचोटी, अहवाल आणि शारीरिक क्षमता पाहिली जाते. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना हे लागू होतं, धंतोलीत स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्याला नाही. मातामृत्यू अन्वेषणासारख्या बैठकांत तर एकेका केसचा कीस पडतो, फक्त त्यांचा रोख यंत्रणेवर असतो, एकेका डॉक्टरवर नसतो. "नागपुरात डॉक्टरच्या कामाकडे कोण, कधी, कशासाठी पाहतं" याचा नकाशा काढला, तरी तो पॉइंटांच्या सर्वेक्षणापेक्षा मोलाचा प्रबंध होईल. असा नकाशा काढायला फार पैसाही लागत नाही.

परदेशाशी तुलना करायची तर ब्रिटनची पद्धत पूर्ण समजून घ्या, बाकीच्या ओझरत्या घेतल्या तरी चालतील.

ब्रिटनमध्ये व्यवसायाचा परवाना १६ नोव्हेंबर २००९ पासून नोंदणीपासून वेगळा झाला आणि रिव्हॅलिडेशन ३ डिसेंबर २०१२ ला सुरू झालं. चक्र पाच वर्षांचं. डॉक्टर दरवर्षी एका प्रशिक्षित सहव्यावसायिकासमोर बसून अप्रेझल, म्हणजे स्वतःच्या कामाचा आढावा, करतो. त्यासाठी त्याला सहा प्रकारची माहिती आणावी लागते: व्यावसायिक शिक्षण, गुणवत्ता सुधारण्याचं काम (ऑडिट वगैरे), गंभीर घटना, सहकाऱ्यांचा अभिप्राय, रुग्णांचा अभिप्राय, आणि तक्रारी व प्रशंसा. दोन्ही अभिप्राय पाच वर्षांत एकदा तरी लागतात. बहुतेक डॉक्टर एका नेमून दिलेल्या संस्थेशी जोडलेले असतात आणि तिथला जबाबदार अधिकारी, बहुधा वैद्यकीय संचालक, चक्राच्या शेवटी जनरल मेडिकल कौन्सिलला तीनपैकी एक गोष्ट कळवतो: परवाना चालू ठेवावा, निर्णय पुढे ढकलावा, किंवा डॉक्टर प्रक्रियेत भागच घेत नाही. अंतिम निर्णय कौन्सिलचा. लक्षात घ्या, "हा डॉक्टर नापास" असा चौथा पर्याय नाही. तशी शंका आली तर प्रकरण चक्र संपायची वाट न पाहता वेगळ्या, चौकशीच्या वाटेने जातं. ही गोष्ट तुलना करणाऱ्या बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि मग "फक्त अमुक टक्के डॉक्टर नापास झाले" अशी निरर्थक वाक्यं लिहिली जातात.

ही पद्धत का आली, तेही तपासणीच्या दाव्याशी जोडून वाचा. इंग्लंडमधल्या हाइड गावातला जीपी (जनरल प्रॅक्टिशनर) हॅरोल्ड शिपमन जानेवारी २००० मध्ये १५ खुनांसाठी दोषी ठरला. नंतरच्या चौकशीत त्याचे बळी सुमारे २१५ असल्याचं निष्पन्न झालं. डेम जॅनेट स्मिथ यांच्या या चौकशीच्या डिसेंबर २००४ मधल्या पाचव्या अहवालाने रिव्हॅलिडेशनच्या तेव्हाच्या आराखड्यावर कडक टीका केली आणि एप्रिल २००५ ला होणारी सुरुवात लांबली. पण शिपमन रुग्णांत लोकप्रिय होता. अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याला चांगलेच गुण मिळाले असते. म्हणजे रेटा आला पहिल्या दाव्यातून, धोकादायक डॉक्टर पकडण्याच्या, आणि प्रत्यक्ष उभी राहिलेली यंत्रणा आहे दुसऱ्या दाव्याची, सगळ्यांना थोडं पुढे सरकवण्याची. कोणत्याही देशाच्या पद्धतीकडे पाहताना ही फट शोधा. संशोधनाचा चांगला प्रश्न बहुधा तिथेच असतो.

आकड्यांची तुलना करताना सावध राहा. ब्रिटनमधली रॉयल कॉलेजं (स्पेशालिटींच्या व्यावसायिक संस्था) साधारण वर्षाला ५० क्रेडिट सुचवतात, जनरल मेडिकल कौन्सिल स्वतः तासांचा आकडा ठरवत नाही. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून वर्षाला ५० तास आहेत, पण त्यांतले निदान १२.५ तास शिक्षणाचे आणि निदान २५ तास स्वतःच्या कामाचा आढावा घेण्यात व परिणाम मोजण्यात गेले पाहिजेत (आढावा आणि परिणाम, दोन्हीला प्रत्येकी किमान ५ तास). आपले सहा तास आणि त्यांचे पन्नास यांची नुसती तुलना केली तर आकडाच दिसेल; खरा फरक त्या २५ तासांच्या अटीत आहे, कारण तिथे डॉक्टरला स्वतःचे केसपेपर उघडावे लागतात. अमेरिकेत परवाना राज्याचा आणि स्पेशालिटीचं प्रमाणपत्र बोर्डाचं, अशी दोन वेगळी प्रकरणं आहेत. तिथे मेडिसिनच्या बोर्डाने वाढवलेल्या अटींवर डॉक्टर इतके उखडले की फेब्रुवारी २०१५ मध्ये बोर्डाला जाहीर माफी मागावी लागली. कॅनडात ऑन्टारिओने सत्तरीला पोहोचलेल्या डॉक्टरांची सहव्यावसायिकांकडून पाहणी करण्याची पद्धत राबवली. वयाच्या मुद्द्यावर लिहिणार असाल तर ती वाचा.

आधीच्या संशोधनातल्या तीन गोष्टी तुमच्या आराखड्यात मुरल्या पाहिजेत. एक: फोर्सेटलुंड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या कॉक्रेन आढाव्यात (आधीच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या) ८१ चाचण्या होत्या आणि शैक्षणिक बैठकांमुळे अपेक्षित वर्तनातल्या सुधारणेचा मध्यक (मीडियन) सुमारे ६ टक्के आढळला, व्याख्यान आणि संवाद यांचं मिश्रण नुसत्या एका प्रकारापेक्षा बरं ठरलं. म्हणजे सीएमई व्यर्थ नाही, पण परिणाम छोटा आहे, आणि तो पकडायला नमुना मोठा लागतो. दोन: डॉक्टर स्वतःचं मूल्यमापन कितपत अचूक करतात, यावरच्या डेव्हिस यांच्या २००६ च्या आढाव्यात २० पैकी १३ तुलनांत स्वतःचं मत आणि बाहेरून केलेली मोजणी यांचा संबंध नगण्य, शून्य किंवा उलटा निघाला. म्हणून "तुम्हाला सीएमईचा फायदा झाला का?" या प्रश्नाचं उत्तर हा पुरावा नव्हेच. तीन: चौधरी, फ्लेचर आणि सूमेराय यांच्या २००५ च्या आढाव्यात ६२ पैकी ३२ मूल्यमापनांत, जसजशी व्यवसायाची वर्षं वाढत गेली तसतशी कामगिरी मोजलेल्या सर्व बाबतींत घसरलेली दिसली. अनुभव म्हणजे आपोआप दर्जा, हे गृहीत धरून प्रौढ डॉक्टरांना वगळू नका.

आता नागपुरातलं प्रत्यक्ष काम.

सगळ्यात आधी भाजकाचा, म्हणजे एकूण डॉक्टर किती याचा प्रश्न. कौन्सिलचं रजिस्टर राज्याचं आहे, जिल्ह्याचं नाही, आणि पत्ता नोंदणीच्या वेळचा असू शकतो. त्यात वारलेले, परदेशी गेलेले, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले असतात. उलट मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडच्या नोंदणीवरून आलेले सुटतात. म्हणून यादी स्वतः बांधा: मनपाकडची नर्सिंग होम नोंदणीची यादी, आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशनच्या) नागपूर शाखेचे सभासद, मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आणि खासगी महाविद्यालयांची अध्यापक यादी. तिन्ही एकत्र करून नोंदणी क्रमांकावर दुबार नावं काढा. नावावर काढू नका, आडनावं आणि इनिशियल घात करतात. होमिओपॅथी आणि आयुर्वेदाच्या परिषदा वेगळ्या, नियम वेगळे. त्यांना या भाजकात मिसळू नका. आणि प्रश्नावलीत "एनएमसी" असं संक्षेपाने लिहू नका. नागपुरात एनएमसी म्हणजे महानगरपालिका. आयोगाबद्दल विचारलेल्या प्रश्नाला नर्सिंग होमच्या परवान्याची उत्तरं येतील.

नमुना: यादीत २००० नावं निघाली असं धरू. ५० टक्के प्रमाण, ५ टक्के अचूकता, ९५ टक्के विश्वासपातळी घेतली तर मूळ आकडा ३८४ आणि मर्यादित संख्येची दुरुस्ती केल्यावर ३२३. डॉक्टरांचा प्रतिसाद निम्मा धरा, म्हणजे साधारण ६५० जणांकडे जावं लागेल. गूगल फॉर्म व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून २०० उत्तरं गोळा केली तर तो नमुना नव्हे. तिथे उत्तर देणारे बहुधा तेच असतात जे सीएमईलाही नियमित जातात.

पण सर्वेक्षण हाच एक मार्ग नाही. कमी खर्चात जास्त सांगणारे दोन अभ्यास सुचवतो.

पहिला, तारखांचा. संमतीने ३० ते ५० डॉक्टरांची सीएमई प्रमाणपत्रं घ्या आणि प्रत्येक प्रमाणपत्राची तारीख नूतनीकरणाच्या तारखेपासून उलट मोजून महिन्यांत मांडा. शिकण्याची गरज पॉइंट मिळवायला लावत असेल तर ६० महिन्यांत आलेख साधारण सपाट येईल. मुदत लावत असेल तर शेवटच्या वर्षात ढीग दिसेल. मग दुसरा स्तंभ जोडा: सीएमईचा विषय. त्याच डॉक्टरच्या ओपीडीतल्या सलग ५० रुग्णांची निदानं लिहून घ्या आणि विषयांशी जुळतात का पाहा. जनरल प्रॅक्टिशनरच्या ओपीडीत ताप, रक्तदाब, मधुमेह, दमा, आणि प्रमाणपत्रं रोबोटिक शस्त्रक्रियेची, असं निघालं तर ते कोणत्याही टक्केवारीपेक्षा बोलकं आहे. जुळणीचे नियम आधी लिहून ठेवा आणि दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग करून कप्पा (दोघांचा मेळ किती, हे सांगणारा आकडा) काढा, नाहीतर जुळणी मनाप्रमाणे होते.

दुसरा अभ्यास थोडा हुशारीचा आहे. एखादा डॉक्टर आज पाच वर्षांच्या चक्रात पहिल्या वर्षी आहे की शेवटच्या, हे मुख्यतः त्याची पहिली नोंदणी कोणत्या साली झाली यावर ठरतं. त्या सालाला पाचने भागून उरणारी बाकी त्याच्या कौशल्यावर अवलंबून नसते. म्हणजे चक्रातलं स्थान जवळजवळ चिठ्ठी काढून वाटल्यासारखं आहे. नुकतंच नूतनीकरण केलेले आणि नूतनीकरणाला चार वर्षं उलटलेले यांच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये फरक आहे का, हे तपासता येतं. यातल्या अडचणीही लिहा: काहींनी नूतनीकरण उशिरा केलेलं असतं आणि चक्र सरकतं, म्हणून प्रत्यक्ष तारीख आणि मूळ सालावरून येणारी तारीख दोन्ही नोंदवा आणि विश्लेषण आधी मूळ सालाने करा. वयाचा परिणाम वेगळा काढायला एकाच दशकातल्या नोंदण्या घ्या.

प्रिस्क्रिप्शन मोजायला नवीन साधन बनवू नका. जागतिक आरोग्य संघटनेचे १९९३ चे औषध-वापर निर्देशक आहेत: प्रति रुग्ण औषधांची सरासरी, जेनेरिक नावांचं प्रमाण, प्रतिजैविक असलेल्या भेटी, इंजेक्शन असलेल्या भेटी, आवश्यक औषध यादीतली औषधं. एकूण चित्रासाठी त्या पद्धतीत किमान ६०० भेटी, म्हणजे २० केंद्रं गुणिले ३०. पण एकेका डॉक्टरची तुलना करायची असेल तर प्रत्येकी निदान १०० प्रिस्क्रिप्शन हवीत. हे लोक हमखास चुकतात आणि ३० वर डॉक्टरांची क्रमवारी लावतात. ऋतू सांभाळा: जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू-मलेरियाचा, मे महिना उष्माघाताचा, एकाची पावसाळ्यातली आणि दुसऱ्याची फेब्रुवारीतली प्रिस्क्रिप्शनं शेजारी ठेवू नका.

रुग्णांचा अभिप्राय घ्यायचा असेल तर संख्या गंभीरपणे घ्या. ब्रिटिश कौन्सिलच्या प्रश्नावलीसाठी प्रति डॉक्टर ३४ रुग्ण आणि १५ सहकारी असा आकडा रूढ आहे, आणि तो हवेतून आलेला नाही. एका रुग्णाच्या मताची विश्वासार्हता ०.०६ इतकीच कमी धरली तरी स्पीअरमन-ब्राउन सूत्राने ३४ रुग्णांच्या सरासरीची ०.६८ येते, दहाच घेतले तर ०.३९. दहा रुग्णांवरून डॉक्टरला गुण देणं म्हणजे कागद वाया घालवणं. सहकारी कोण, हे डॉक्टरने स्वतः निवडलं तर गुण चढे येतात. निवड तिसऱ्याने करावी.

आणि आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे: रुग्ण पूर्ण गुण देतात. मेडिकलच्या ओपीडीत गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेला माणूस डॉक्टरविरुद्ध खूण करणार नाही, तेही वॉर्डबॉयच्या देखत. पाचपैकी पाच गुणांच्या ढिगातून काहीच वेगळं काढता येत नाही. म्हणून समाधान विचारू नका, घटना विचारा. औषध किती दिवस घ्यायचं ते सांगितलं का? तपासायला हात लावला का? पुन्हा कधी यायचं ते सांगितलं का? हो किंवा नाही. प्रश्न मराठी आणि हिंदीत, उलट भाषांतर करून (भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळून), औषधांच्या खिडकीपलीकडे, रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याशिवाय.

मुलाखती २० ते २५ पुरतात, पण गट नीट निवडा: एकटा जीपी, कॉर्पोरेट रुग्णालयातला सल्लागार, सरकारी अध्यापक, सीएमई भरवणारे, पॉइंटांचा हिशेब ठेवणारे. पॉसन आणि टिली यांची १९९७ ची वास्तववादी मूल्यमापनाची मांडणी इथे कामी येते: कोणत्या परिस्थितीत, कोणती कळ दाबली जाते, आणि काय निष्पन्न होतं. नुसतं मत नको. "मागच्या सीएमईनंतर कोणतं औषध लिहिणं थांबवलंत?" असं विचारा, नाव आलं की तारीख विचारा, आणि परवानगी असेल तर त्याआधीची आणि नंतरची वीस प्रिस्क्रिप्शनं पाहा. विभागप्रमुखांची मुलाखत निवासी डॉक्टरने घेऊ नये. उत्तर तुमच्या पदाला मिळेल, प्रश्नाला नाही. तिथे दुसऱ्या संस्थेतला सहसंशोधक घ्या.

आकडेवारी कौन्सिलकडून हवी तर माहिती अधिकार वापरा, पण महाराष्ट्राचे नियम पाळून. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नावं मागू नका. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) पुढे करून अर्ज फेटाळला जाईल. एकत्रित आकडे मागा: अमुक वर्षात नूतनीकरणास पात्र किती, मुदतीत किती झाले, पॉइंट अपुरे म्हणून किती परत गेले, तक्रारी किती आल्या, सहा महिन्यांत निकाली किती. "धोरण काय आहे, कारण काय" असे प्रश्न घातले की उत्तर "अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं येतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत द्वितीय. हे सगळं वेळापत्रकात धरा. अर्ज सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट न पाहता टाका, कारण तो वैयक्तिक अधिकार आहे आणि माहिती एकत्रित आहे.

नैतिक समितीपुढे तीन प्रश्न नक्की येतील. शहर छोटं आहे: "रामदासपेठेतील बालशल्यचिकित्सक, वय ५८" एवढं लिहिलं की सगळ्यांना नाव कळतं. म्हणून स्पेशालिटी मोठ्या गटात, वय दशकात, परिसर अजिबात नाही. दुसरं, केसपेपर पाहताना रुग्णाला चालू असलेला धोका दिसला, उदाहरणार्थ निषिद्ध जोडीची औषधं रोज लिहिली जाताहेत, तर काय करणार? हे संमतिपत्रातच आधी लिहा: आधी त्या डॉक्टरला, मग संस्थेच्या प्रमुखाला. "गोपनीयता पूर्ण" असं वचन देऊन नंतर मोडणं सगळ्यात वाईट. तिसरं, ओळख-यादी आणि माहिती वेगवेगळ्या कुलपात, आणि ओळख-यादी कधी नष्ट होणार याची तारीख. वर्गवारी कमी जोखमीची मिळेल असं गृहीत धरू नका. इथे जोखीम शरीराला नाही, प्रतिष्ठेला आहे, आणि समितीने पूर्ण बैठकीत पाहणं योग्यच.

विश्लेषणात एक सापळा सांगून ठेवतो. खराब प्रिस्क्रिप्शनचे डॉक्टर निवडले, त्यांना सीएमई दिलं, पुन्हा मोजलं, सुधारणा दिसली: यातली बरीचशी टोकाचे आकडे आपोआप सरासरीकडे परतल्याने (रिग्रेशन टू द मीन) दिसते. तुलनेचा गट नसेल तर ती सुधारणा सीएमईची म्हणू नका. तुलनेचा गट नसताना काळाच्या ओघातला बदल पाहायचा असेल तर मासिक मोजणी निदान १२ महिने आधी आणि १२ महिने नंतर हवी. कोविडच्या वेळी ब्रिटिश कौन्सिलने १७ मार्च २०२० ते १६ मार्च २०२१ या काळात येणाऱ्या डॉक्टरांचं रिव्हॅलिडेशन वर्षभर पुढे ढकललं, तेव्हा एक नैसर्गिक प्रयोगच घडला. पण त्याच काळात ओपीडी, रुग्ण, औषधं सगळंच बदललं, त्यामुळे त्या वर्षावरून "तपासणी थांबली तरी काही बिघडलं नाही" असं म्हणणारा लेख हाती आला तर त्याने कोविडचा परिणाम वेगळा कसा काढला, ते आधी तपासा; काढलाच नसेल तर संदर्भयादीत घेऊ नका.